मूळ फाइली पुसणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री डिस्कधारक महाशय यांस,



आपले नाव या पत्रात घालत नाही. मंडळात ते सर्वांना ठाऊक आहे, आणि मंडळाबाहेरच्या वाचकांना त्याची गरज नाही. आपल्यासारखे तत्पर सद्गृहस्थ प्रत्येक गावात आणि बहुतेक प्रत्येक घरात एक तरी असतातच.

सर्वप्रथम त्या तत्परतेचेच आभार. आपल्या संगीत मंडळाच्या संग्रहाच्या दोन प्रती होत्या. त्यांतली एक डिस्क गेल्या पावसाळ्यात बंद पडली. नवी प्रत करायची म्हणून दुसरी डिस्क कपाटातून काढली आणि हे काम कोणी करायचे याची चर्चा चालू असतानाच आपण ती घरी घेऊन गेलात. आठवडाभरात प्रत्येक सभासदाच्या हाती एकेक पेनड्राइव्ह ठेवलात आणि प्रसन्न मुद्रेने म्हणालात, "सगळ्याचं एमपीथ्री करून टाकलंय. त्या मोठ्या फाइली काढून टाकल्या. डिस्क आता एकदम मोकळी आहे."

केवढे हे उपकार! ती डिस्क भरायला मंडळातल्या माणसांची वर्षे गेली होती. मोकळी करायला आपल्याला एक आठवडा पुरला.

त्या मोठ्या फाइलींत काय होते हे पाहण्यात आपला अमूल्य वेळ गेला नसावा, म्हणून सांगतो. गावात पूर्वी झालेल्या बैठकांची स्पूल होती. सभासदांच्या घरच्या कॅसेटी होत्या, कुणाच्या माळ्यावरून आलेल्या, कुणाच्या ट्रंकेतून, काहींच्या फितीवर बुरशी चढलेली. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या होत्या. बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या सीडी होत्या. काही स्पूल तर अशी होती की वाजवताना फितीवरचा लेप सुटून हेडला चिकटत होता. ती जेमतेम एकदा वाजली, तेवढ्यात उतरवून घेतली. आता ती पुन्हा वाजणार नाहीत. आपण पुसलेली फाइल हेच त्या बैठकांचे एकमेव मूळ होते.

फाइली मोठ्या होत्या हे आपले निरीक्षण अचूक आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. सेकंदाला १,४११ किलोबिट. तासाला साधारण ६३५ एमबी. पण महाशय, डिस्कवर त्या या आकारात नव्हत्याच. त्या फ्लॅक होत्या. जॉश कोलसन यांनी २००० साली फ्लॅकचे काम हाती घेतले आणि २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. मूळ नमुन्यातला एकही आकडा न बदलता फाइल जवळजवळ निम्म्यावर आणायची, ही त्याची करामत. ती उलगडली की मूळ आवाज बिटाला बिट लावून परत मिळतो. तो तसाच आहे ना हे तपासण्यासाठी त्या आवाजाचा एक ठसाही फाइलीतच नोंदलेला असतो. म्हणजे जेवढे न गमावता लहान करता येते, तेवढे आम्ही आधीच केले होते. आपण त्यानंतरचे, गमावण्याचे काम हाती घेतलेत.

आता आपल्याला न्याय देतो, कारण तो द्यायलाच हवा. रोज ऐकायला लहान फाइल करण्यात काहीही वावगे नाही. एसटीत खिडकीशी बसून, स्वयंपाकघरात, सकाळी फिरताना फ्लॅक ऐकण्याचा अट्टहास कुणी करू नये. बिनतारी हेडफोन लावला की ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबूनच पाठवतो. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये आणि मिक्सरच्या घरघरीत जो बारकावा ऐकूच येणार नाही, तो फोनमध्ये वागवण्यात अर्थ नाही. तासाभराच्या गाण्याचे १२८ केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटांनी, ५८ एमबीच्या आसपास होतात आणि ६४ जीबीच्या कार्डात असे हजारावर तास मावतात. एखाद्या आजोबांच्या उशाशी असे कार्ड घातलेला लहानसा स्पीकर असावा, त्यावर त्यांच्या आवडीची बैठक दिवसभर चालावी, यापरते चांगले काय? एवढेच काम आपण मंडळासाठी केले असतेत, तर शाल आणि नारळ घेऊन आम्ही आपल्या दारी आलो असतो.

परंतु आपल्या कार्याची थोरवी त्याच्या पुढच्या पायरीत आहे. फाइलींचे रूपांतर करणारा कोणताही नीट प्रोग्राम, मग तो फूबार असो, एफएफएमपेग असो की आणखी काही, मूळ फाइलीला हात लावत नाही. ती वाचतो, शेजारी नवी फाइल करतो आणि जुनी होती तिथेच ठेवतो. मूळ फाइल पुसण्याचे काम माणसाला वेगळे, स्वतःच्या बोटाने करावे लागते. संगणक "नक्की पुसू का?" असे विचारतो. आपण "हो" म्हणालात. एवढ्या मोठ्या संग्रहासाठी एवढ्या निश्चयाने "हो" म्हणणारा माणूस मंडळाला लाभला, हे आमचे भाग्य.

बरे, रूपांतर तरी कसे? १२८ केबीपीएस! आपण हा आकडा कसा निवडलात हे विचारण्याचे धाडस करतो. यादीत तो आधीच निवडलेला होता, एवढेच कारण असेल तर तेही सांगावे. १,४११ भागिले १२८ म्हणजे ११. मूळ आवाजाच्या अकरा बिटांच्या जागी आपण एक ठेवलात.

एमपीथ्री ज्यांनी घडवली ती माणसे आपल्याइतकी निर्धास्त नव्हती. मोठ्या आवाजाच्या आड त्याच्या जवळचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, तेव्हा तो टाकून द्यावा, असे तिचे मूळ तत्त्व आहे. यात काय टाकावे आणि किती टाकावे हे कळण्यासाठी जर्मनीतले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे साथीविना गायलेले गाणे पुन्हा पुन्हा ऐकले. एकट्या मानवी आवाजात लपायला जागा नसते. सुरुवातीच्या प्रयत्नांत तोच आवाज सगळ्यात वाईट बिघडत होता. तो सावरेपर्यंत त्यांनी आपली रीत सुधारत नेली. आपल्या हाती तर गाणाऱ्यांचे आवाजच आवाज होते, महाशय. त्यांतला एक तरी, रूपांतर झाल्यावर आणि मूळ पुसण्याआधी, आपण ऐकलात का?

ऐकला नसेल तर मी ऐकून सांगतो.

तबला घ्या. एमपीथ्री आवाजाचे लहान लहान तुकडे करून त्यांवर काम करते, साधारण २६ मिलिसेकंदांची एकेक चौकट. चौकटीच्या मध्येच थाप पडली, तर दाबताना झालेली चूक त्या सबंध तुकड्यावर पसरते आणि थापेच्या आधीच तिची पुसटशी सावली ऐकू येते. प्रोग्राम अशा वेळी तुकडे आणखी लहान करतो, पण त्यासाठी बिट जास्त लागतात आणि १२८ मध्ये ते पुरत नाहीत. चाटेवरचा कोरडा, कापल्यासारखा 'ना' आता बोथट झाला आहे. द्रुत लयीतल्या 'तिरकिट'ची चार अक्षरे एकमेकांत मिसळली आहेत. ज्या तबलजीने ती अक्षरे सुटी वाजावीत म्हणून आयुष्य घालवले, त्याच्या वतीने आपले आभार.

भजनांच्या कॅसेटींवर आपली कृपा अधिक झाली आहे. टाळ हे या पद्धतीपुढचे सगळ्यात अवघड वाद्य म्हणावे लागेल. एकदम उठणारा नाद, वरच्या पट्टीतल्या कंपनांचा दाट पसारा, आणि तोही पंधरावीस जणांच्या हातून एकाच वेळी. १२८ ला बहुतेक प्रोग्राम १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे छाटतात आणि खालचे कसेबसे भागवतात. टाळांचा नाद गेला, नुसती खसखस उरली. तानपुऱ्याच्या जवारीतून जे सुरांचे वलय उमटते, ते पाण्याखालून आल्यासारखे हलते आहे. स्वरमंडलाच्या तारा तर ओळखूच येत नाहीत.

लाखेच्या तबकड्यांची गोष्ट मात्र मला आपल्याला विशेष समजावून सांगायची आहे, कारण इथे आपण ज्यांच्यावर अन्याय केलात ते दाद मागायला येऊ शकत नाहीत. जुन्या तबकडीवर खरखर असते. ही खरखर विस्कळीत असते, तिच्यात काही नियम नसतो, म्हणून ती दाबायला सगळ्यात कठीण जाते. बिट मोजकेच असले की त्यांतला मोठा वाटा खरखरच खाऊन टाकते आणि गाणारा उपाशी राहतो. त्या काळच्या कलावंतांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवला. एकही क्षण वाया जाऊ नये म्हणून आलाप, बंदिश, तान यांची काय काटेकोर आखणी करत असत! त्यांच्या त्या तीन मिनिटांतही आपल्याला काढून टाकण्याजोगे एवढे सापडले.

उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी गायले, मुंबईत राहिले, एक सबंध घराणे उभे केले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांचा आवाज कसा होता हे आपण शिष्यांच्या गळ्यातून ताडायचे. मोठ्या कलावंताचा आवाज नाहीसा होणे ही काय वस्तू आहे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. तरीही आपण उजळणी घेतलीत.

त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगभरातले निवडक संगीत बसवायचे होते. जागा तिथेही कमी होती. म्हणून तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्या अशा मंद गतीची केली, म्हणजे आवाजाचा थोडा दर्जा सोडून वेळ वाढवून घेतला. तडजोड त्यांनीही केली. फक्त, तबकडी तयार झाली म्हणून पृथ्वीवरची मूळ मुद्रणे त्यांनी मोडीत काढली नाहीत. आणि केसरबाईंची ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात ती शोधून काढावी लागली. कुणीतरी जागा अडवून ती ठेवली होती म्हणून सापडली.

बैठकांच्या सलग मुद्रणांचेही आपण भले केलेत. विलंबित संपून द्रुत सुरू होताना फाइल बदलते, पण तानपुरा चालूच असतो. फ्लॅकमध्ये ही सांध कळत नसे. एमपीथ्री मात्र स्वतःच्या रचनेमुळे प्रत्येक फाइलीच्या आगेमागे शांततेचा बारीक तुकडा जोडते. किती जोडला याची नोंद लेमसारखे चांगले प्रोग्राम ठेवतात, म्हणजे वाजवताना तो गाळता येतो. आपल्या प्रोग्रामाने ती ठेवलेली नाही. आता दर वेळी तानपुऱ्याला ठेच लागते.

शिवाय सगळ्या फाइलींचा आवाज आपण एका पातळीला आणलात. केवढी समदृष्टी! आलापाच्या आरंभीचा जेमतेम ऐकू येणारा षड्ज आणि शेवटचा तराणा आता सारख्याच जोरात वाजतात. पातळी सारखी करायची तर आवाजाला हात न लावता फाइलीत नुसता एक आकडा लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि सबंध बैठकीला एकच आकडा लावला की तिच्यातले चढउतारही शाबूत राहतात. पण आपल्याला कायमस्वरूपी काम आवडते.

नावांबद्दल मात्र माझा आवाज चढतो, क्षमा असावी. प्रत्येक फाइलीत गायकाचे नाव होते, राग होता, ताल होता, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बैठक कुठल्या वाड्यात झाली, साल कोणते, फीत कोणाच्या घरून आली. मंडळातल्या वयस्कर माणसांना शेजारी बसवून, त्यांच्या आठवणीतून एकेक साथीदार ओळखून ते लिहिले होते. त्यांतले काही आज हयात नाहीत. आपल्या प्रोग्रामाने ही माहिती, म्हणजे टॅग, लिहिली ती आयडीथ्री या टॅगपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे शीर्षकाला जागा ३० बाइटची आणि देवनागरीची सोय नाही. आता तिथे ओळीने प्रश्नचिन्हे आहेत. पेनड्राइव्हवर दिसते ते 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. ज्या पेटीवाल्याचे नाव जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेले नव्हते, तो आता 'ट्रॅक ०७' आहे.

एका सभासदाने दर्जाबद्दल कुरकूर केली तेव्हा आपण लगोलग त्याच फाइली ३२० केबीपीएसच्या करून दिल्यात, आणि दुसऱ्याला तर "घ्या, परत फ्लॅक करून दिल्या" म्हणालात. आपल्या औदार्याला सीमा नाही. पण चिपाड मोठ्या पोत्यात भरले म्हणून त्याचा ऊस होत नाही. १२८ ची ३२० करताना गेलेले काही परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी थोडे जाते. त्या तथाकथित फ्लॅकचा वर्णपट स्पेकसारख्या फुकट प्रोग्राममध्ये उघडून पाहा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग पट्टीने कापल्यासारखा काळा दिसेल. आणि आता हीच फाइल 'मंडळाची मूळ प्रत' म्हणून गावोगाव फिरेल, याची जबाबदारी कोणाची?

"कानाला फरक कळतो का?" असे आपण बैठकीत सर्वांना विचारलेत. प्रामाणिक उत्तर देतो. चांगल्या प्रोग्रामाने २०० किंवा २५६ केबीपीएसला नीट केलेली एमपीथ्री आणि मूळ फाइल यांतला फरक बहुतेकांना, बहुतेक वेळा, कळत नाही. मलाही प्रत्येक वेळी कळेल असा माझा दावा नाही. म्हणून तर रोजच्या ऐकण्याला ती चालते. पण मूळ फाइल फक्त ऐकण्यासाठी ठेवायची नसते, तिच्यातून पुढच्या प्रती काढायच्या असतात. एमपीथ्रीचे नाव पक्के झाले १९९५ साली. १९९७ मध्ये एएसी आली, २०१२ मध्ये ओपस आली, आणि तेवढ्याच आकारात दोघींचा आवाज एमपीथ्रीपेक्षा सरस. ओपसची १२८ केबीपीएसची फाइल एमपीथ्रीच्या त्याच आकड्याला कुठच्या कुठे मागे टाकते. ज्यांनी मूळ जपले त्यांनी प्रत्येक वेळी नवी, अधिक चांगली लहान प्रत काढली, आणि आजच्या संगणकाला तासाभराच्या गाण्यासाठी एखादे मिनिट पुरते. दहा वर्षांनी आणखी काही येईल. त्या वेळी मंडळाच्या हाती आपली १२८ ची एमपीथ्री असेल, आणि तिच्यातून निघणारी प्रत्येक प्रत तिच्याहून खालचीच असेल.

हे सर्व कशासाठी, तेही कळले. मोकळ्या झालेल्या जागेत आपण येत्या रविवारी पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवणार आहात. वधूवरांना मनापासून शुभाशीर्वाद. फोनवर काढलेला तासाभराचा फोरके व्हिडिओ सहज १० जीबी घेतो. तेवढ्या जागेत पंचवीस-तीस तासांच्या बैठका होत्या.

आता एक विनंती, आणि ती कोणत्याही नमस्कारचमत्काराशिवाय. त्या डिस्कवर काहीही लिहू नका. तो व्हिडिओ नको, एक फोटोही नको. डिस्क संगणकाला जोडूच नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी झाल्याची नोंद तेवढी होते, आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती पुष्कळदा परत मिळवता येते. आपल्याकडची डिस्क फिरत्या तबकडीची, जुन्या धर्तीची आहे. तिच्यावर नंतर काही लिहिलेले नसेल, तर आशेला जागा आहे. मंडळाचे दोघे जण शनिवारी सकाळी ती न्यायला येतील. व्हिडिओसाठी तेवढीच मोठी कोरी डिस्क ते सोबत आणतील. तिचे पैसे आपण देऊ नका.

आणि हे पत्र वाचणाऱ्या सर्वांना: आमच्या संग्रहातली एखादी फ्लॅक फाइल पूर्वी कधी आपण आपल्या संगणकावर उतरवून घेतली असेल, तर ती शोधा. तिचे नाव बदलू नका, तिचे रूपांतर करू नका, आहे तशी मंडळाला आणून द्या. एकच गाणे असले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संगीत मंडळाचा एक सभासद